रस्त्यापलीकडचा माणूस

कुटाइसीच्या बाजारामागं, घड्याळवाल्याला लागून
एक दुकान आहे,
केबली दोरीवर वाळत घातल्यासारख्या.
तिथं आम्ही दोघं, मी आणि बाबा.
पाकिटात एकशे ऐंशी लारी,
त्यातले पाच परतीच्या बसचे.

दुकानातल्या साबाला अजून मिसरूड फुटलं नाही,
पण आकडे जिभेवर:
"दाबाच्या आठ हजार एकशे ब्याण्णव पातळ्या, काका.
ह्या जुन्यात नुसत्या दोन हजार अठ्ठेचाळीस."
बाबांनी बोटं मोडली.
"मला तीन ठाऊक आहेत," म्हणाले.
"जपून, रागानं,
आणि गिऱ्हाईक पैसे बुडवणार हे कळल्यावर."

चाळीस वर्षं त्यांनी या गावाच्या पाट्या रंगवल्या.
आमच्या लिपीला वरची रेघ नाही.
अक्षरं सुटी सुटी बसतात,
अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांसारखी,
प्रत्येकीचं पोट आपापलं.
आता पाट्या प्लास्टिकवर छापून येतात
आणि गावभरची 'पुरी' एकाच वळणाची.
(पुरी, आमचा पाव. भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजतात.)
मला बाबांची अक्षरं संगणकात हवीत,
त्यांच्या हातात ती आहेत तोवर.

काचेमागचा मोठा, पडद्यावरच लिहायचा,
नऊशेचा.
लग्नात परक्या पंगतीकडे बघावं तसं बघितलं
आणि पुढं सरकलो.
सर्वांत स्वस्त तळहाताएवढा.
बाबांचा हात खांद्यापासून फिरतो,
तळहातावर त्यांचं एक वळणही मावायचं नाही.
मधला दोनशे दहा.
मधलाच, पण काउंटरवर मांडून ठेवलेला,
कोपऱ्यात ओरखडा, खोकं हरवलेलं,
एकशे सत्तर.
पेनाला सेल लागत नाही, जादा टोकं दोन.
आमच्या जुन्या संगणकाला चालेल?
चालेल, साबा म्हणाला, थोडा कुरकुरेल.

बाबांनी एकच विचारलं:
"उलटा फिरवता येतो?"
डावखुरे आहेत ते.
शाळेत त्यांचा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे.
साबानं तो फिरवला, सगळी बटणं उजवीकडे गेली,
इतक्या सहज.
बाबा बराच वेळ त्या बटणांकडे बघत राहिले.

मला धास्ती वेगळीच.
"बाबा, यात हात इथं आणि रेघ तिथं.
हाताकडे बघायचं नाही.
लोकांना महिना महिना लागतो."

ते हसले.
"शिडीवर चढल्यावर अक्षर दिसतं वाटतं तुला?
पुरुषभर उंच अक्षर, नाकापासून वीतभर!
मला नुसता रंग दिसायचा.
रस्त्यापलीकडं बिचिको उभा,
सूर्यफुलाच्या बिया फोडत ओरडायचा:
पोट फुगलंय! शेपूट खाली घे!
हात माझा, डोळे त्याचे.
अर्धं गाव असंच रंगवलंय."

बिचिकोला जाऊन सहा वर्षं झाली.

घरी आलो. संगणकाचं एकच भोक चालू,
म्हणून माऊस काढला,
शेपूट गुंडाळून तो खिडकीत जाऊन बसला.
बाबांनी बाही वर सारली,
सवयीनं पेन पायजम्याला पुसलं,
हात टेबलावर, नजर पडद्यावर,
आणि 'पुरी'तला प काढायला घेतला.
पडद्यावरचा बाण थरथरला,
अडला,
मग चालू लागला.
मी मागं उभी, श्वास रोखून.

अक्षराच्या पोटाशी येऊन ते थांबले.
मान वळवली नाही.
"गप्प का?" म्हणाले,
"ओरड ना."