बाहेर जाणारी हवा

राग्ना ट्वेट चाळीस वर्षं दूध गार करत आली.
साउथ डकोटातल्या गोठ्यागोठ्यांतून
पहाटे चारला फोन यायचे, टाकी बंद पडली,
आणि ती पाने-पक्कड घेऊन निघायची
उणे वीसमध्ये
गारवा दुरुस्त करायला.

आता तिच्या शेडमध्ये एक विमान आहे.
पंख अजून भिंतीला टेकलेले,
नाकात भंगारातल्या मोटारीचं इंजिन.
दट्ट्या नाही, वर-खाली नाही,
फुगलेल्या त्रिकोणासारखे दोन रोटर
आपापल्या खोलीत गरगरतात.
"जाळ नेहमी एकाच बाजूला होतो, वेंडेल,
म्हणून याचा एक गाल कायम चुलीपाशी
आणि दुसरा कायम खिडकीत.
पाणी आधी कुठल्या गालाला लावू?"
मी नुसता बॅटरी धरून उभा.
शाळेत भूगोल शिकवतो. मला काय विचारतेस?

उत्तरासाठी ती थांबली नव्हतीच.
मोडीतल्या गाड्यांच्या एसीमधून
दोन जाड जाळ्या काढल्या तिने,
एकेकाळी कुणाकुणाच्या गुडघ्यांना गार ठेवणाऱ्या,
आणि त्यांना पाण्याच्या नळ्या डकवल्या.
तेलाला वेगळी जाळी.
तेल मुकाट्यानं तिसरा हिस्सा वाहतं,
बोंब मात्र पाण्याच्या नावानं.
सगळ्यात उंच जागी एक चिमुकली टाकी,
कारण बुडबुड्याला अक्कल असते,
तो वरचीच खुर्ची शोधतो.

जूनमध्ये पहिल्यांदा उडाली.
चढताना काटा नव्वद, शंभर, एकशेआठ.
नाक खाली घालून परत आली,
हेल्मेट गवतात फेकलं.
"तोंड लहान पडलं," म्हणाली,
आणि पत्रा कापून हवेचं तोंड मोठं केलं.
काटा पुन्हा तिथंच, उलट जरा लवकर.
आणखी मोठं केलं.
विमान तेवढं मंदावलं, इंजिन थंड होईना.
मग तीन आठवडे ती कुणाशी बोलली नाही,
माझ्याशी तर नाहीच.

एका संध्याकाळी माझ्या दारात उभी:
"लोणच्याच्या बीटाचं पाणी आहे का घरात?"
लाल पाणी भरलेली पारदर्शक नळी,
इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली,
एक टोक जाळीच्या पुढं, एक जाळीच्या मागं.
चाचणीचे तास पुरे होईस्तोवर
दुसऱ्या माणसाला बसायची परवानगी नाही,
म्हणून ती नळी शेजारच्या रिकाम्या सीटला चिकटवली
आणि मी पिकअपच्या फळीवर
रेडिओ, वही, पेन्सिल घेऊन.

आयुष्यभर मी फळ्यावर वारे काढले, बाणांनी.
वारा कुठं अडतो
हे कुठल्या बाणानं मला सांगितलं नव्हतं.

"डावी रेघ सात. उजवी रेघ..."
खरखर.
"उजवीसुद्धा सातच."
लाल पाण्याचे दोन खांब सारख्या उंचीवर,
वाटणीनंतर समोरासमोर बसलेल्या भावांसारखे.
मग वरून हसण्याचा आवाज आला,
बराच वेळ,
मला वाटलं इंजिनच बिघडलं.
"गाई आत घेत गेले मी, वेंडेल,
आणि धार काढलेल्या बाहेर सोडल्याच नाहीत!"

आतली हवा जाईना, म्हणून बाहेरची येईना.
एवढंच. पाणी मुरत होतं ते इथं.

तिनं तोंड पुन्हा लहान केलं, ठिगळ लावून,
ठिगळ दिसतं, रंग दिला नाही.
आतली वाट हळूहळू रुंद होणारी, कर्ण्यासारखी,
म्हणजे हवा जाळीपर्यंत पोचताना दमानं पोचेल.
आणि पोटाखाली, बाहेर जायच्या दाराशी,
बिजागरीची एक झडप, दोरीनं ओढायची.

ऑगस्ट. तेहेतीस अंश. मका वाळत चाललेला.
चढत गेली, चढत गेली, ठिपका झाली.
"डावी नऊ. उजवी सहा."
मी लिहिलं.
"काटा ब्याण्णव."
लिहिलं.
पुढं काहीच नाही. फक्त रोटरची
शिवणयंत्रासारखी एकसुरी घरघर.
मग: "झडप एक बोट उघडते."
"का? गरज आहे?"
"नाही."
"एक्याण्णव," ती म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, "मिटली परत."
थोड्या वेळानं, "ब्याण्णव."