पुंजका

कन्ना चौकाच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानात
माझं सव्वा टेबल.
त्यावर मेरगू मामांनी लॅपटॉप ठेवला
टॉवेलात गुंडाळून,
दवाखान्यात तान्हं पोर आणतात तसा.
"मेला न्हाई अजून, अम्मा. दम लागतोय त्याला.
बटण दाबून मी चहाला जातो,
पिऊन येतो, तरी ते गोल फिरलालंय."

मी विचारते तेच, जे सगळ्यांना विचारते.
कधीपासून? काय सांडलं?
नातवानं काय काय भरून ठेवलंय?
मामा तोलून उत्तरं देतात.
चाळीस वर्षं जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली त्यांनी.
भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली.
मला डिप्लोमात हेच एक आणि शून्य म्हणून शिकवलं,
चार महिने लावून, फी घेऊन.

चालू व्हायला अकरा मिनिटं.
आत तीन अँटिव्हायरस एकमेकांवर पाळत ठेवून बसलेले,
एक लग्नपत्रिकेचं सॉफ्टवेअर
(लग्न होऊन मुलगी हैदराबादला, सहा वर्षं),
एक पत्त्यांचा डाव अर्ध्यावर.
काढलं सगळं.
आठ मिनिटं.

मग तापमान बघितलं. शहाण्णव.
बाहेर त्रेचाळीस, पत्र्याखाली किती ते विचारू नका.
तापलं की हे यंत्र आपणहून पाऊल आखडतं,
जळून जाऊ नये म्हणून.
एप्रिलच्या दुपारी साखर पेठेत
कोण वेगळं काय करतं?

शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण घेतलं, स्क्रू ठेवायला.
अकरा.
पाठ उघडली, पंखा उचलला,
आणि जाळीवर बसलेला तो,
नमदा म्हणावा असा घट्ट, बोटभर रुंद,
चिमट्यानं सोलून काढला तर
थर निघत गेले.

मामा पुढे वाकले. चष्मा कपाळावर.
"ह्ये निळं बघ. नांदेडच्या लॉजचे टॉवेल.
दोनशे डझन, पैसे अजून यायचेत."
त्याखाली तांबडं. "मोराची चादर. रंग उतरला म्हणून परत आली,
आम्हीच पांघरतोय."
त्याखाली हिरवा, इतका दाबलेला की काळाच.
ते नुसतं बघत राहिले, नाव नाही सांगितलं.

सगळ्यात वरचा थर राखाडी होता.
हा कुठला माल, मामा?
"त्यो कापूस न्हाई.
घरची धूळ हाय ती.
माग भंगारात दिल्यानंतरची."

मी पेस्ट बदलली. एक जुनी रॅम पडून होती, ती बसवली.
फाइली तपासताना दिसलं:
सहाशे बारा डिझाइन्स,
शेवटचं काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी सेव्ह केलेलं.
कमळं, काठाला हत्ती,
एका हत्तीची सोंड अजून काढायची राहिलेली.
मी विचारलं नाही कुणासाठी.
झेरॉक्सवाल्या पाशाभाईंनी विचारलं असतं.

चाळीस सेकंदांत उघडला.
मामा पडद्याकडं बघत राहिले,
एसटीत बसताच ती सुटावी तसे, जरा गडबडून.
"एवढं पटकन?"
हो.
"मग चहाला कधी जायचं?"

साडेतीनशे झाले. त्यांनी चारशे दिले,
पन्नासची नोट परत घेतली, घडी घालून खिशात.
जाताना तो पुंजका मागितला.
मी पावतीच्या मागच्या कोऱ्या कागदात बांधून दिला,
अंगारा देतात तसा,
त्यांनी तो लॅपटॉपबरोबर टॉवेलात नाही ठेवला,
वेगळा, वरच्या खिशात.

संध्याकाळी झाकणात पाहिलं तर
एक स्क्रू उरलेला.
अकरा काढले होते, दहाच लावले.
तो तसाच आहे अजून, चटणीचा वास लागलेला.
मामा आले की लावीन.
पण यायला ते बंद पडायला हवं,
आणि मी काम चांगलं केलंय.