दोन सूत

सियागंजात मी मिलिमीटरमध्ये बोलले,
बारा एमएम, साडेपाच फूट.
काउंटरमागच्या बोहरी चाचांनी चष्म्यावरून पाहिलं,
"सूत में बोलो बेन. चार सूत."
कापून देणारा पोरगा सनावदला लग्नाला गेलेला,
म्हणून अख्खी सहा फूट दिली,
वर कागदात गुंडाळलेलं एक पातं.
"घर पे काट लेना. लोहा है, दुश्मन थोड़ी है."

घरात शेगडा नाही.
जिन्याच्या कठड्याला सळई बांधली,
सायकलच्या जुन्या ट्यूबचे आठ वेढे.
नेलपॉलिशची खूण.
पहिला घाव घसरला,
दुसऱ्यानं खूण खरवडली,
तिसऱ्यापासून नुसता आवाज.

कठडा चारही मजल्यांना एकच आहे
हे बारा वर्षं राहून कळलं नव्हतं.
खालून कांचन झंवर आल्या, हातात उदबत्ती,
"भाभी, मेरे मंदिर की घंटी अपने आप बज रही है."
चमत्कार वाटला होता की राग आला होता,
मला कळेना.
त्यांनाही कळत नसावं.

मग तळमजल्यावरचा लोकेंद्र.
भंवरकुआँच्या क्लासचा, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला,
जिन्यात भेटला की भिंतीकडे सरकणारा.
दोन पायऱ्या खाली उभा राहून बघत राहिला.
"आंटी, ब्लेड उल्टी है."

दात माझ्याकडे होते. पुढे हवेत.
म्हणजे अर्धा तास मी
लोखंडाला गुदगुल्या करत होते.

त्यानं विचारलं नाही, करवत घेतलीच.
पातं फिरवलं, ताणलं,
टिचकी मारून कान लावला.
खोबरेल मागितलं, दोन थेंब.
अंगठ्याचं नख खुणेला टेकवून
आधी एकदा मागे ओढलं, हळू,
मग पुढे, पात्याच्या पूर्ण लांबीनं.
जाताना भार.
येताना काही नाही.

हे दोन दिवसांत येत नाही हाताला.
वडिलांचं दुकान आहे, म्हणाला, मंडलेश्वरला.
गेट, जाळ्या, खाटा.
सांगून आलोय त्यांना,
पुन्हा लोखंडाला हात लावणार नाही म्हणून.
हात चालूच होता.

शेवटचा केसभर जोड उरला
तेव्हा डाव्या हातानं त्यानं टोक पेलून धरलं,
आजारी माणसाला पाणी पाजताना मान धरतात तसं.
टक्.
सहा इंच.
मी उचलायला गेले. "आंटी, नहीं..."
ताजा कापलेला तुकडा तापलेला असतो
हे अठ्ठावन्नाव्या वर्षी
माझ्या तर्जनीला कळलं.

खालून कांचनबाई, "बंद हो गई?"
जरा हिरमुसल्यासारख्या.

सळई खिडकीत धरली. दोन सूत कमी.
माप माझंच, पाव इंच मीच गिळलेला.
लोकेंद्र हसला.
वर्षभरात पहिल्यांदा त्याचे दात दिसले,
वरचा एक वाकडा.
जुन्या चपलेच्या रबराची चकती कापून
टोकाशी ठोकली, बसली.
पडदा उजवीकडे किंचित उतरतो,
आल्यागेल्याला मी आधी तेच दाखवते.

कीस फ्रिजवरच्या गणपतीनं गोळा केला.
चुंबकाचा गणपती,
त्याला काळी दाढी आली.

आत मोरीत लोकेंद्र हात धूत होता.
साबण दोनदा लावून झाला.
मग माझी पाठ आहे असं समजून
ओला तळहात त्यानं नाकाशी नेला
आणि तसाच उभा राहिला, नळ सोडून.

एक दिवसाआड येतं आमच्याकडे नर्मदेचं पाणी,
मंडलेश्वरच्या बाजूनंच चढवतात वर.
वाहत होतं.
एरवी मी ओरडले असते.