डावीकडे

पाचव्या लेव्हलमधलं विहिरीचं पाणी
म्हणजे आमचा कूलर.
मे महिन्यात रात्री दोनला रेकॉर्ड केलेला,
वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारा,
मध्येच खोकणारा.
पुलाखालची मालगाडी पाचपावलीची,
सावकाश केली, इतकी सावकाश
की आता ती जनावर वाटते
झोपेत कूस बदलणारं.

खेळात एक मुलगा आहे.
त्याला तोंड नाही, नुसता आकार,
राखाडी धुक्यावर काळा.
रंग मी ठेवलेच नाहीत.
रंगांना पैसे लागतात, हे कुणाला सांगत नाही,
विचारलं तर म्हणते, वातावरण.

बाण नाही, सूचना नाही, कुणी बोलत नाही.
पेटी ओढायची, दोर धरायचा,
एक फळी दबली की दुसरी उचलली जाते,
आणि उडी.
चुकलं तर पुन्हा पेटीपाशी उभं.
कोणी रागवत नाही.

सातव्या लेव्हलला सगळे अडकतात.
दोन फळ्या, एकच पेटी.
पुण्याच्या टेस्टरने चाळीस मिनिटं घातली
आणि एकच शब्द पाठवला : अन्याय.
सुकेशनीने फोन गादीवर आपटला
आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

बाबांना दाखवायचं कधी सुचलं नाही.
माग विकून नऊ वर्षं झाली,
आता ते गांधीबागेत दुसऱ्याच्या दुकानात
दुसऱ्यांनी विणलेल्या साड्यांच्या घड्या घालतात.
परवा तांडापेठेतली लाइट गेली,
कूलर गप्प झाला,
घरात उजेड फक्त माझ्या हातात.
"आण बरं. काय करून राहिली तू दिवसभर, पाहू दे."

फोन त्यांनी प्रसादाच्या ताटलीसारखा दोन्ही हातांनी धरला.
सातवी लेव्हल उघडीच होती.
मुलगा फळीवर चढला, उतरला, चढला.
खाटेखाली बाबांचे पाय हलायला लागले,
डावा, उजवा, डावा.
"हे तं पावडी आहे वं."
एक फळी खाली, एक वर,
मधे फट उघडते, मिटते,
"मिटाच्या आधी धोटा गेला पायजे,"
आणि मुलगा गेला.
तीन मिनिटं. मी मोजली नव्हती, फोननेच मोजली.

मग म्हणाले,
"पण हा पोट्टा सदा उजवीकडेच काहून जाते?"
मी म्हटलं, सगळ्या खेळांत असंच असतं बाबा,
उजवीकडे म्हणजे पुढे.
"धोटा तं वापस येते."

आणि त्याला घेऊन निघाले.
फळ्या ओलांडून, पेटी ओलांडून,
लेव्हल सुरू होते त्या दगडाच्याही अलीकडे.
मला माहीत होतं तिथे काय आहे.
चार पावलं जमीन, मग धुकं,
मग तेही नाही.
मुलगा पडला.
पडतच राहिला.
मरायलासुद्धा कशावर तरी आपटावं लागतं,
आणि तळ मी लिहिलाच नव्हता.
आम्ही दोघं बघत बसलो.
बॅटरी अठरा टक्के, सतरा.

"अलीकडचं बांधलंच नाही तू,"
ते म्हणाले, तक्रार नव्हती,
ताण्यातला एखादा धागा सुटलेला दिसावा, तसं.
फोन परत दिला. लाइट आली.
कूलर खोकला, ते कुशीवर वळले.

तीन आठवडे झाले, मी डावीकडेच आहे.
खेळ बाहेर काढायची तारीख दोनदा ढकलली.
आतापर्यंत एवढंच जमलंय :
जमिनीत एक खड्डा,
एका माणसाचे पाय मावतील एवढा,
त्यात दोन पावड्या.
मुलगा काठावर बसतो, पाय आत सोडतो.
कोडं काय आहे मला अजून माहीत नाही.
पावडी दाबली की आवाज यायला हवा,
आणि तो माझ्याकडे नाही.
माग गेला तेव्हा मी आठवीत होते,
मोबाइल दादाकडे होता.

काल बाबांना विचारलं, कसा वाजायचा?
पोळ्यांच्या डब्यावर त्यांनी बोटं मारून दाखवली,
खट, खटक, खट.
मी रेकॉर्डर पुढे केला.
त्यांनी मान हलवली. पुन्हा मारली, हलक्या हाताने.
"नाही वं. असा नव्हता."
डबा उघडून पोळी घेतली.