उलटी टोपी

आडनाव ढमढेरे, आणि नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात.
खडकीच्या फाटकावरच्या रखवालदारानं
माझं कार्ड दोनदा वाचलं,
मग मिशीतल्या मिशीत म्हणाला,
"जा बाई. फक्त आवाज करू नका."

मार्च संपत आलेला. मुळेत पाणी कमी, जलपर्णीच जास्त.
भोंग्याच्या आत पोचायचं म्हणून
माणसं सायकली एकमेकींवर लोटून पळत होती.
मला मागच्या खोलीत धाडलं,
जिथं चाचणीपुरती काडतुसं अजून हातानं भरतात.
मुदलियार मास्तर म्हणाले, "यंत्र खोक्यात आहे.
आधी पुस्तक वाच. मग लाव."
आणि चहाला गेले.

पुस्तक वाचलं नाही.
आयटीआयला पहिली आलेली मी, हातात नवाकोरा पाना,
आणि गुडघ्याला बाशिंग.
(म्हणीत उतावळा तो नवरा असतो.
नवरीचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.)
चार बोल्टांच्या जागी दोनच आवळले
आणि दांडा खाली खेचला.
यंत्र हललं नाही.
टेबलच उठून उभं राहिलं,
वर्गात साहेब आल्यासारखं.

मग पितळी पुंगळी साच्यात घातली,
वंगण न लावता.
आत सुरेख गेली.
बाहेर येईना.
मी दांड्याला लोंबकळले, चपला जमिनीवर राहिल्या,
मी त्यांच्या वर वीतभर,
आणि तेवढ्यात पुंगळीची कड फाटून हातात आली,
तिळगुळाच्या वडीचा कोपरा निघावा तशी.
बाकीची पुंगळी अजून आतच.
शेजारच्या बाकावरचे शिर्के खाली मान घालून
काहीतरी फार महत्त्वाचं पुसत होते.
त्यांचे खांदे हलत होते.

दुसरा साचा दिला. तराजू दिला. डबीभर रवा दिला,
कारण शिकाऊ हातात इथं दारू देत नाहीत,
आधी महिनाभर रवा.
मी मोजला. पुन्हा मोजला.
सव्वा तास वळणदार अक्षरात आकडे लिहिले,
एकही दुसऱ्यासारखा नाही.
मास्तर आले, वही पाहिली, छताकडे पाहिलं,
भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला.
काटा तिथल्या तिथं गप्प.
"पंख्याचं वजन करत होतीस?
किती भरलं?"

हसले. मीही हसले. शिर्के तर उघड हसले.
म्हटलं, चला, हसण्यावारी गेलं.

शेवटची उरली टोपी.
पुंगळीच्या बुडाशी बसते ती,
मसुराएवढी, सरावाची, पोकळ.
मी दाबली, बसली, ठणठणीत बसली.
मास्तरांपुढे धरली.
त्यांनी बोटानं बूड चाचपलं, खिडकीपाशी नेलं, फिरवलं.
टोपी उलटी होती.

या वेळी कुणी हसलं नाही.
त्यांच्या डाव्या भुवईत मधोमध केस उगवत नाहीत
हे मला तेव्हा दिसलं.
सकाळपासून समोरच होतं.
"घरी जा," म्हणाले. "पुस्तक घेऊन ये उद्या.
डोक्यात घेऊन ये."
आणि माझी पुंगळी त्यांनी खिडकीत ठेवली,
तोंड भिंतीकडे करून.

बाहेर पडताना झडती. डबा, ओढणी, चपला.
माझ्याकडून काहीच निघालं नाही.

घरी आई लोकर घेऊन बसलेली,
थंडीला सात महिने असताना
बाजारातल्या दुकानदाराची पन्नास टोपडी अंगावर.
"काय केलंस आज?"
"टोपी बसवली. उलटी बसली."
सुयांवरून नजर न काढता म्हणाली,
"मग उसव की. रडतेस काय?
उसव, आणि पुन्हा घाल."

मी तिच्या मांडीवरचा गुंडा उचलला,
सुटलेला धागा गुंडाळत राहिले
बराच वेळ.
सांगितलं नाही तिला.