ब्राइटनर अठ्ठावीस

डंडीत डिसेंबरमध्ये साडेतीनलाच दिवेलागण होते.
आधी टे नदी दिसेनाशी होते, मग तिच्यावरचा पूल,
मग पुलावरून जाणारी गाडी उरते नुसत्या खिडक्यांची.
मी तळघरात उतरतो. मायक्रोस्कोपवर माझी पाळी चार ते सात.

वहीत सही घेताना इशबेल चष्म्यावरून बघते.
"काय आणलंयस?"
"जव. मुळाचं टोक."
"कालचंच?"
"कालचं वाळलं."
ती काही बोलत नाही. फ्रिजमधून काढून देते
चांदीच्या कागदात गुंडाळलेली बोटाएवढी बाटली.
या रंगाला उजेड सोसत नाही,
आणि उजेड देणं हेच त्याचं काम.

एक थेंब. पाच मिनिटं. पाण्यात दोनदा खळबळून
काचेवर ठेवायचं, अंधार करायचा, झडप उघडायची,
की जवाच्या पेशींच्या भिंती निळ्या उभ्या राहतात
मधाच्या पोळ्यासारख्या, पण घाईत बांधलेल्या.

हिशेब साधा आहे. रेणू घेतो न दिसणारा उजेड,
निमिषाच्या कितीतरी बारीक कणापुरता धरून ठेवतो
आणि परत करतो निळा, जरा मवाळ.
शेजारणीनं उसनी नेलेली साखर परत येते
तेव्हा वाटी किंचित उणीच असते, तसं.
मधला फरक ऊब होऊन जातो. कुणाला, ते कळत नाही.

आज कोपऱ्यात एक भलतीच रेघ होती,
मुळापेक्षा लखलखीत, पीळ पडलेली.
शोध लागल्यासारखी मी हाक मारली.
इशबेलनं वाकून पाहिलं, कंबर धरून सरळ झाली.
"कापूस. तुझ्या खिशातल्या रुमालाचा.
साबणात घालतात ना काहीतरी, पांढरं दिसायला?
तुझ्या बाटलीतही तेच. मूळचं कपड्यांचंच ते,
झाडांना आपण नंतर लावलं."

इतके महिने वापरून मी पहिल्यांदाच कागद उलगडला,
लेबल वाचलं: फ्लुरोसेंट ब्राइटनर, नंबर अठ्ठावीस.

म्हणजे टिनोपाल.
किंवा त्याच्याच भावकीतलं कुणी.

आई तासगावला सरकारी दवाखान्यात नर्स.
रविवारी दुपारी बादलीत चिमूटभर,
"जास्त नको, हिरवट मारतं,"
आणि आठवड्याच्या साड्या ओळीनं तारेवर.
रक्ताचे, आयोडीनचे, कुणाच्या ओकारीचे डाग
सगळे जायचे नाहीत. तिला ठाऊक होतं.
"डाग जात नाही रे, नजर जाते त्याच्यावरून."
भर उन्हात त्या साड्यांकडे बघवायचं नाही.
मला तो स्वच्छपणा वाटायचा.
होतं ते ऊनच, घेतलेलं,
थोडं निळं करून परत दिलेलं.

तिच्या शेवटच्या साडीचे चार रुमाल करून मी इकडे आणले.
एक विमानतळावरच हरवला.

धूळ आली की नमुना टाकून द्यायचा, असा नियम आहे.
मी झडप उघडी ठेवली.
आणि तो धागा, जितका बघावा तितका, मंदावत गेला.
पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे:
रेणूच्या गाठीला मोजकाच उजेड असतो,
तो आपल्या बघण्यानं खर्च होतो.
संपला की रेणू तिथेच असतो. दिसत नाही, इतकंच.

मी घाईनं झडप लावली.
तोवर दुसरंच सुचलं:
हा निळा तिच्या बादलीतला,
की इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साबणाचा?
तीन वर्षं मीच धुतोय ते रुमाल.
सांगता येत नाही. दोघेही एकाच रंगात बोलतात.

सात वाजता इशबेल किल्ल्या वाजवत आली.
"मिळालं काही?"
"नाही. उद्याची पाळी आहे का रिकामी?"
"आठ ते नऊ. आणि एप्रन घाल, कापसाचा नव्हे."

काच मी फेकली नाही. चांदीच्या कागदात गुंडाळून
खोक्यात मागे ठेवली, शाईनं लिहिलं:
जव, नमुना नऊ. खराब.