हिवाळ्याचा कागद

पहाटे साडेपाचला शटर वर करते तेव्हा
कुलूप बोटांना चावतं.
आत फॅटचं मशीन, भिंतीला टेकलेले कॅन,
आणि परवापासून टेबलावर,
लॅक्टोमीटरच्या नळीखाली दाबलेला
डेअरीचा कागद.

नऊ कलमं. मी तीनदा वाचून दाखवली.
कार्तिक ते माघ, रोज एकशे साठ लिटर,
तेही साडेसहाच्या आत,
कारण गाडी आता आधी आपल्याकडे, मग कारंज्याकडे.
कमी पडेल त्या लिटरमागे दोन रुपये कापू.
पण हिवाळ्यात जेवढं भराल
तेवढं उन्हाळ्यात घेऊ, सहा रुपये चढ्या दरानं.
लेखी.

लेखी म्हटल्यावर सगळे गप्प झाले.
आजवर उन्हाळ्याचा भाव
ड्रायव्हरच्या तोंडूनच कळायचा.

झिंगराजी खडके विडी न पेटवता
कानामागे ठेवून बसले होते.
"साडेसहाले पोचाचं म्हंजे
चारले धार काढा लागते.
चारले नाल्यावर बिबट्या असते.
त्याले कोन सांगन, का गाडीचा टाइम बदलला?"
हसले सगळे. बिबट्या मात्र खरा आहे,
त्यांच्या नातवाच्या मोबाईलमध्ये त्याचे डोळे आहेत.

मग गाईंचं निघालं. आमच्या गवळाऊ
पांढऱ्या, उंच, माळावर दिवसभर चालणाऱ्या.
चांगली लागली तरी वेळेला दोन, अडीच लिटर.
फॅट पाचाला टेकते,
पण कलमात लिटर मोजलेत.
चेतननं खडूनं शटरवरच हिशेब मांडला:
चार घरांनी एकेक जर्सी आणली
तर एकशे साठ काय, दोनशे भरतात.
"अन् मे महिन्यात तुयी जर्सी
पंख्याखाली बसून पेपर वाचन," मागून कुणीतरी.
चेतन हसला नाही.
त्याला उन्हाळ्याचे सहा रुपये दिसत होते
आणि ते खरेच होते.

गुणाबाई घोंगडे शेवटी बोलली,
किटली मांडीवर, पदर कानांवरून घट्ट.
"बाई, या कागदात गाय कोठी हाय?"

मी शोधलं. खरंच शोधलं.
पुरवठादार एकोणीस वेळा. माल, सात.
विलंब. कपात. गुणवत्ता.
गाय नाही. वासरू तर नाहीच.

"मंग अमोशेचं कसं करता?"

अमावास्येला संध्याकाळची धार आमच्याकडे निघत नाही.
वासरू सोडायचं आणि आपण बाजूला व्हायचं.
कुणी ठरवलं, कधी, कुणालाच माहीत नाही;
गाडीवालाही दुसऱ्या सकाळी
दोन कॅन कमी धरून येतो.
चार महिन्यांत चार अमावास्या.
चार गुणिले ऐंशी गुणिले दोन:
सहाशे चाळीस रुपये.
बावीस घरांत वाटले तर घरामागे एकोणतीस, वर काही पैसे.

आकडा मी मोठ्यानं वाचला.
झिंगराजींनी विडी काढली, पाहिली, परत ठेवली.
"एवढेच?" गुणाबाई म्हणाली.
"मले वाटलं, लय मोठा दंड असन."

आजपर्यंत तेरा सह्या झाल्यात, त्यात पाच अंगठे.
बाकीची घरं अजून ढेपेचा भाव विचारत फिरताहेत.
चेतननं केली. झिंगराजींनी नाही केली,
आणि का नाही, तेही सांगितलं नाही.
गुणाबाईनं केली, पण आधी मला
नवव्या कलमाखाली लिहायला लावलं
निळ्या पेनानं, माझ्याच अक्षरात,
डेअरीला चालो न चालो:
अमावास्येला सायंकाळी धार नाही. कारण, वासरू.

नाल्यापलीकडून हॉर्न येतोय.
धुकं आहे, दिवे दिसत नाहीत.
पहिली किटली ओतली तशी
दुधाची वाफ चष्म्यावर बसली,
आणि थोडा वेळ
मला काट्यावरचा आकडा दिसला नाही.